नोंद जहाजावर, बिऱ्हाड किनाऱ्यावर

पत्र:

नमस्कार. मी मूळची रत्नागिरीची. लग्न होऊन इंग्लंडात ससेक्सला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे. तो चाळता चाळता लेकीने विचारलं, ‘बाबांच्या बाजूचं पुस्तक कुठाय?’ म्हणून शोधायला बसले. सासूबाईंचे पणजोबा कोस्टगार्डमध्ये ‘कॅप्टन’ होते आणि पणजी आयरिश होती, एवढंच घरात सांगतात. 1881 च्या जनगणनेत हे कुटुंब सापडलं. ते ‘कमिशन्ड बोटमन’, वय 41, जन्म डेव्हन. बायको 33 वर्षांची, जन्म आयर्लंड. मुलं चार: 9 आणि 6 वर्षांची दोन आयर्लंडला जन्मलेली, 3 वर्षांचं डॉर्सेटला, 9 महिन्यांचं ससेक्सला. 1871 च्या जनगणनेत मात्र त्यांचा मागमूस नाही.

मग माझ्या मावसनणंदेने नौदलाच्या दफ्तरातून त्यांच्या नोकरीचं पान काढलं. त्यात 1873 पासून ‘व्हॅलियंट’ जहाज, 1876 पासून ‘वॉरियर’. वॉरियर आता पोर्ट्समथला बघायला ठेवलंय, तिथे जाऊन आम्ही फोटोही काढले. पण नाताळच्या जेवणाला तिने सगळ्यांसमोर विचारलं, ‘गडी जहाजावर, मग हे सहा वर्षांचं पोर कुणाचं?’ ते पोर म्हणजे सासूबाईंचे आजोबा. सासूबाई तेव्हा हसल्या, पण आता हा विषय निघाला की उठून आत जातात. नणंद म्हणते डीएनए तपासणी करू. मी पुढे शोधू, की इथेच थांबू?
— एक सून, ससेक्स

उत्तर:

ताई, थांबू नका. तुमच्या मावसनणंदेने कागद अगदी बरोबर काढला, फक्त वाचला चुकीचा. आणि चुकीचा वाचून तो भर पंगतीत वाढला, हे त्याहून वाईट.

व्हॅलियंट हे त्या काळात दक्षिण आयर्लंडच्या किनाऱ्याचं गार्डशिप, म्हणजे पहाऱ्याचं जहाज होतं. 1868 ते 1885 ते शॅनन नदीच्या मुखाशी, फॉइन्सला नांगरून होतं. 1856 साली कोस्टगार्ड कस्टम्सकडून काढून नौदलाकडे दिलं गेलं. किनाऱ्याचे विभाग पाडले, प्रत्येक विभागाला एक जहाज नेमून दिलं आणि त्या विभागातल्या चौक्यांवरच्या माणसांची नावं त्या जहाजाच्या मस्टरवर घातली. माणूस राहायचा किनाऱ्यावर, चौकीला लागून असलेल्या सरकारी खोल्यांत, बायकोपोरांसकट. कागदावर मात्र तो ‘व्हॅलियंट’चा. आपल्याकडे झेडपीच्या मास्तरचा पगार जिल्ह्याच्या गावाहून निघतो आणि शाळा असते कुठल्याशा वाडीवर, तसंच हे. पगारपत्रक बघून कुणी म्हणालं की मास्तर वाडीवर कधी राहिलेच नाहीत, तर आपण हसू.

आता वॉरियर घ्या. 1875 च्या एप्रिलपासून 1881 पर्यंत ते पोर्टलंडचं गार्डशिप होतं, आणि पोर्टलंड आहे डॉर्सेटमध्ये. तुमच्या जनगणनेतलं तिसरं मूल कुठे जन्मलं? डॉर्सेटला. म्हणजे व्हॅलियंट असताना मुलं आयर्लंडची, वॉरियर असताना मूल डॉर्सेटचं. जहाजांची नावं आणि मुलांची जन्मठिकाणं जोडीने चालताहेत. नणंदबाईंनी ज्याला पुरावा म्हणून पुढे केलं, तो कागद सासूबाईंच्याच बाजूने बोलतोय.

तुमचे पोर्ट्समथचे फोटो काही वाया गेले नाहीत. ही गार्डशिपं उन्हाळ्यात कवायतीसाठी समुद्रावर निघत आणि किनाऱ्यावरच्या माणसांना तेवढ्यापुरतं जहाजावर बोलावलं जाई. 1878 च्या एप्रिलमध्ये रशियाशी लढाई जुंपेल अशी हवा झाली, तेव्हा वॉरियर सज्ज केलं गेलं होतं. पणजोबांनी त्या डेकवर घाम गाळला असण्याची शक्यता भरपूर आहे. त्यांचा संसार मात्र तिथे नव्हता.

आणि 1873 हे साल बघून ‘त्या वर्षी ते जहाजावर चढले’ असं समजू नका. नौदलाने त्या साली खलाशांची नवी नोंदवही सुरू केली आणि जुन्यांना नवे नंबर दिले, म्हणून पान तिथून सुरू होतं. त्याआधीची हकीकत दुसऱ्या वहीत आहे, तिच्याकडे येतेच.

आता पक्का पुरावा. जहाजाच्या नावावरून मी तुम्हाला शक्यता सांगितली, पण सासूबाईंच्या हातात द्यायला कागद हवा. तो आयर्लंडात आहे आणि फुकट आहे. आयर्लंडात 1864 पासून सगळ्या जन्म-विवाह-मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली. शंभर वर्षांपेक्षा जुन्या जन्मनोंदींच्या पानांची छायाचित्रं आयरिश सरकारच्या ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या संकेतस्थळावर पैसे न भरता बघता येतात. तुम्हाला हवी आहेत साधारण 1871-72 आणि 1874-75 ची पानं. आडनाव घाला, साल घाला, आणि मग नोंदणीच्या जिल्ह्यांत फक्त समुद्राकाठचे जिल्हे बघा: केरीतले डिंगल आणि काहरसिव्हीन, क्लेअरमधलं किलरश, लिमरिक आणि कॉर्कचा किनारा. इंग्लंडात तुमचं आडनाव शेकड्याने निघालं असेल. पण केरीच्या टोकाला डेव्हनचं आडनाव म्हणजे भाताच्या खाचरात उभा केलेला मनोरा, लगेच दिसतो. थोडं वेगळं स्पेलिंगही करून बघा, कारकून कानाला येईल तसं लिहीत.

पान उघडलं की नाव बघून समाधान मानू नका, उजवीकडचे रकाने वाचा. बापाचं नाव आणि धंदा, तिथे ‘कोस्टगार्ड’ असेल. आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. जन्माची जागा, जी बहुधा थेट चौकीचीच असेल. आणि सगळ्यात मोलाचा रकाना माहिती देणाऱ्याचा: सही, नातं आणि पत्ता. कित्येक नोंदींत बाप स्वतः जाऊन सही करतो आणि त्यापुढे लिहिलेलं असतं की जन्माच्या वेळी तो हजर होता. तसं निघालं, तर वादच मिटला. आईची सही निघाली तरी बिघडत नाही. चौकीचं नाव मिळालं की माणूस किनाऱ्यावर होता हे त्यावरूनच ठरतं.

1871 मध्ये ते सापडत नाहीत, कारण तेव्हा ते बहुधा आयर्लंडात होते, आणि आयर्लंडची 1871 ची जनगणना शिल्लकच नाही. 1861 ची आणि 1871 ची सरकारनेच नष्ट केली, 1881 आणि 1891 ची पहिल्या महायुद्धात लगद्यात गेली, आणि 1821 ते 1851 च्या बहुतेक सगळ्या 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत जळाल्या. पूर्ण वाचल्या त्या 1901 आणि 1911 च्या. तेव्हा त्या रिकाम्या जागेत उगाच डोकं फोडू नका. इंग्लंडच्या 1871 मध्ये तेच नाव आणि तेच वय असलेला कुणी निघालाच, तर तो तुमचा नव्हे असंच आधी धरून चाला.

आता ‘कॅप्टन’. सासूबाईंना हे हळूच सांगा. बोटमन म्हणजे सगळ्यात खालची पायरी: होडी वल्हवणं, रात्रीची गस्त, दोरखंड, रंगरंगोटी. त्यावर कमिशन्ड बोटमन, त्यावर चीफ बोटमन, मग चौकीचा प्रमुख म्हणजे चीफ ऑफिसर, आणि बऱ्याच चौक्या मिळून एक इन्स्पेक्टिंग कमांडर, जो नौदलाचा अधिकारी असे. ‘कमिशन्ड’ दिसलं म्हणून अधिकारी समजू नका, ती बोटमनची पुढची बढती एवढंच. ‘कॅप्टन’ बहुतेक नातवंडांनी केला. दर्यावर नोकरी केलेला प्रत्येक आजोबा तिसऱ्या पिढीत कॅप्टन होतोच, आपल्या कोकणातही होतो. पण चाळिशीत कमिशन्ड बोटमन झालेला माणूस म्हणजे नोकरी चोख केलेला माणूस, त्यात कमीपणा काही नाही.

ही माणसं सारखी गाव का बदलतात, हे एकदा कळलं की अर्धं काम होतं. कोस्टगार्ड 1822 साली उभं राहिलं ते मुळात तस्करी रोखायला. त्याआधी किनाऱ्यावर घोड्यावरून फिरणारे रायडिंग ऑफिसर होते, कस्टम्सची जहाजं होती, 1809 पासून होड्यांतून गस्त घालणारं प्रिव्हेंटिव्ह वॉटर गार्ड होतं. हे सगळं एकत्र केलं. फ्रान्सहून येणारी ब्रँडी, तंबाखू, रेशीम रात्री किनाऱ्याला लागायचं आणि अर्धं गाव ते उतरवून घ्यायला उभं असायचं. अशा गावात गावचाच माणूस पहाऱ्याला ठेवला तर तो मेव्हण्याला पकडणार का? म्हणून कोस्टगार्डला घराजवळ नेमत नसत, आणि ओळखी वाढायच्या आत बदली करत. डेव्हनचा माणूस आयर्लंडला, आयर्लंडचा ससेक्सला. तुमच्या घराजवळच, ककमिअरच्या खाडीतोंडावर त्या पांढऱ्या कड्यांसमोर कोस्टगार्डच्या घरांची एक रांग आहे, तिचे फोटो तुम्ही शंभरदा पाहिले असतील. अशाच कुठल्या तरी रांगेत तुमचं नऊ महिन्यांचं बाळ होतं. पणजोबांच्या डेव्हनमध्ये तर गस्त घालून घालून पडलेल्या त्यांच्या वाटाच आज 630 मैलांच्या किनारवाटेचा पाया झाल्या आहेत.

म्हणून कोस्टगार्डचा शोध नावावरून करायचा नसतो, ठिकाणांवरून करायचा असतो. मुलं हीच बदल्यांची यादी. एक मोठा कागद घ्या, डावीकडे सालं लिहा, आणि प्रत्येक सालासमोर ते कुटुंब कुठे होतं आणि ते तुम्हाला कशावरून कळलं, हे लिहा. जनगणनेतलं वय, बाप्तिस्मा, जहाजाचं नाव, शाळेचा दाखला, काहीही चालेल. मध्ये गाळलेल्या जागा दिसतील. मेलेलं एखादं मूल त्या जागांत सापडतं, जे जनगणनेत कधी आलंच नाही. तुमच्याकडे 6 आणि 3 यांच्यामध्ये एक जागा आहे, तिथे नीट बघा. चर्चच्या वह्यांचाही उपयोग होतो: इंग्लंडात 1813 पासून बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यांत बापाचा धंदा आणि राहण्याची जागा लिहितात. आणि मुलांच्या आईचं माहेरचं आडनाव हवं असेल, तर इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसची स्वतःची जन्मसूची वापरा. तिच्यात ते 1837 पासून दिलेलं आहे. आपल्या कुलवृत्तांतात लेकी-सुनांना एका ओळीत गुंडाळलेलं असतं, इथे मात्र बाईचं आडनाव हीच कित्येकदा एकुलती खूण असते.

पणजोबांचं पोरवय हवं असेल तर लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजची ‘एडीएम 139’ ही मालिका बघा. 1853 ते 1872 या काळात नौदलात कायम नोकरीचा करार केलेल्या खलाशांची ती वही. जन्मतारीख, जन्मगाव, उंची, केसांचा नि डोळ्यांचा रंग, अंगावरचा एखादा व्रण किंवा गोंदण, आणि कोणत्या जहाजावर कधी. पोरवयात भरती झालेले असतील तर आईबापाच्या संमतीची सहीही त्याच कागदावर असते. तुमच्या माणसाचा जन्म 1840 च्या आसपासचा, म्हणजे बहुतेक 1855 ते 1858 च्या दरम्यान ते शिरले असतील. पुढचं पान ‘एडीएम 188’ मध्ये, तेच नणंदबाईंनी काढलंय. त्या पानावर जुना नंबर दिला आहे का ते शोधा, त्याने मागची वही लगेच उघडते. 1861 ची जनगणनाही पाहा. नौदलाची जहाजं परदेशी असली तरी त्यांच्यावरच्या माणसांची नावं त्या वर्षी व्यवस्थित घेतली आहेत, जन्मगावासकट.

आता पणजी. तुम्ही तिच्याबद्दल काही विचारलं नाहीत, पण मला या कुटुंबात सगळ्यात रस तिच्यातच आहे.

ती ‘आयरिश’ असं घरात म्हणतात, कारण जनगणनेत जन्म आयर्लंडचा. पण 1848 च्या आसपास आयर्लंडच्या किनाऱ्यावर जन्मलेली आणि पुढे कोस्टगार्डशी लग्न केलेली मुलगी स्वतःच कोस्टगार्डची लेक असू शकते. ही माणसं गावापासून जरा तुटलेली राहत. मुलं चौकीवरच वाढत आणि सोयरिकी चौकीतल्या चौकीतच जमत. तिचे वडील कॉर्नवॉलचे, आई केंटची आणि ती फक्त जन्माने आयरिश, असंही निघू शकतं. किंवा ती खरोखरच किलरशच्या कोळ्याची मुलगी असेल, आणि मग एका कॅथलिक घरातून तिने सरकारी माणूस का आणि कसा केला, ही वेगळीच गोष्ट आहे. दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

उत्तर विवाहनोंदीत आहे. तीही त्याच आयरिश संकेतस्थळावर, 1864 नंतरची. त्यात दोघांच्याही बापांची नावं नि धंदे असतात. कॅथलिक निघाली तर आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने 1880 पर्यंतच्या कॅथलिक वह्यांची पानं फुकट खुली केली आहेत, तिथे तिचा बाप्तिस्मा शोधा. बापाच्या रकान्यात ‘कोस्टगार्ड’ लिहिलेलं दिसलं, तर मग ‘एडीएम 175’ कडे वळा. 1816 ते 1947 पर्यंतची कोस्टगार्डची नोकरी-दफ्तरं या मालिकेत आहेत, आणि तिचा खरा खजिना म्हणजे 1819 ते 1866 च्या आस्थापनेच्या वह्या. त्या चौकीवार लावलेल्या आहेत. एक चौकी, तिच्यावर कोण कोण, हुद्दा काय, कधी आला, कुठून आला, कुठे गेला. एका चौकीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर असा माणूस पानापानांतून चालत जाताना दिसतो. आयर्लंडच्या जळालेल्या जनगणनांची जागा या वह्या पुष्कळ भरून काढतात. तुमच्या पणजोबांना मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. ते कोस्टगार्डमध्ये आले तोवर या वह्या संपत आल्या होत्या, म्हणूनच त्यांच्यासाठी नौदलाची पानं.

समजा बाप निघाला, आणि 1846-47 मध्ये तो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या चौकीवर होता असं निघालं. मग ती वर्षं कसली होती हे लेकीला जरूर सांगा. बटाट्याच्या पिकावर रोग पडून तिथे माणसं भुकेने मरत होती. कोस्टगार्डच्या माणसांना आसपासची परिस्थिती दिसत होती आणि वर कळवायला लागत होती. त्यांचे आयर्लंडमधले प्रमुख सर जेम्स डॉम्ब्रेन यांनी 1846 मध्ये आपल्या जबाबदारीवर उपाशी लोकांना फुकट पीठ वाटलं, आणि लंडनला सरकारी खजिना खात्यात बसलेल्या चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी त्यांना त्याबद्दल बोल लावला. आधी स्थानिक कमिटी नेमायची, वर्गणी गोळा करायची, मग बघू, अशी वरची शिस्त. ज्या लोकांच्या होड्या तपासायच्या, त्यांच्याच दारात पिठाची पोती उतरवायची, असं काम त्या चौक्यांतल्या माणसांच्या वाट्याला आलं होतं. तुमची पणजी जन्मली तेव्हाची हवा ही.

तिला भाऊ असतील आणि बापाने आधी नौदलात नोकरी केलेली असेल, तर आणखी एक दार ठोठावून बघा: ग्रिनिचच्या खलाशांच्या मुलांसाठीच्या शाळेचे प्रवेश अर्ज, ‘एडीएम 73’, 1870 पर्यंतचे. पोराला शाळेत घालायचं तर बापाची नोकरी, आईबापाचं लग्न आणि पोराचा बाप्तिस्मा, तिन्हींचे दाखले जोडावे लागत. एका भावाच्या अर्जात सगळं कुटुंब बांधलेलं मिळतं. हे अर्ज फार कमी लोक बघतात, का कोण जाणे.

मस्टर आणि मुक्काम यांची ही फारकत फक्त तुमच्याच कुटुंबात नाही. केंट-ससेक्सच्या किनाऱ्यावर 1831 पर्यंत कोस्ट ब्लॉकेड नावाचं वेगळंच दल होतं, तेही नौदलाचं. त्यांची माणसं किनाऱ्यावरच्या बुरुजांत राहत आणि नावं ‘रॅमिलीज’ आणि ‘हायपेरियन’ या जहाजांच्या हजेरीपटावर. तुमच्या शेजारपाजारच्या कुणाचे पूर्वज तिथले असतील तर त्यांनाही सांगा. उलटा प्रकारही आहे: डार्विनला जगभर फिरवून आणलेलं ‘बीगल’ 1845 पासून एसेक्सच्या खाडीत कोस्टगार्डचं पहाऱ्याचं जहाज म्हणून रोवून ठेवलं होतं, आणि तिथे मात्र कोस्टगार्ड खरोखरच बायकापोरांसह जहाजातच राहत. तेव्हा जहाजाचं नाव दिसलं की पहिला प्रश्न एकच: हे जहाज त्या वर्षी कुठे होतं आणि काय करत होतं?

डीएनएचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर फुकटच्या एका पानात आहे, त्यासाठी ऐंशीच्या घरातल्या बाईला नळीत थुंकायला लावू नका. नंतर तिलाच हौस वाटली तर गोष्ट वेगळी. आणि पैसे भरून बघायच्या संकेतस्थळांवर लोकांनी लावलेले तयार वंशवृक्ष दिसतील, तुमच्या माणसाला कुणी तरी यॉर्कशायरचे आईबाप चिकटवलेले असतील. बघा, पण उतरवून घेऊ नका. एकाने चूक केली की शंभर जण ती नकलतात आणि मग तेच खरं वाटायला लागतं.

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ असं आपल्यात म्हणतात, पण ते ऋषींपुरतं ठीक. हे तर बोटमन.

सासूबाईंशी बोलायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न, हे मी ओळखलंय. नणंदेला खोटं पाडायला जाऊ नका, आणि ‘आई, तुमच्या आजोबांबद्दलची शंका फिटली’ असंही म्हणू नका. शंका होती हे पुन्हा तोंडाने सांगायची गरज नाही. जन्मनोंदीचं पान छापून घ्या, लेकीला बरोबर घ्या, आणि एका दुपारी चहाला बसलात की लेकीलाच वाचू द्या: चौकीचं नाव, बापाचा धंदा, आईचं माहेर, सही कुणाची. मग नकाशावर ती चौकी दाखवा. वॉरियरवरच्या फोटोंशेजारी फॉइन्स आणि पोर्टलंडही दाखवा, म्हणजे जहाजाचं कोडं आपोआप सुटेल. सासूबाईंकडे त्या आजोबांबद्दल सांगण्यासारखं खूप असणार, ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नसेल. त्या बोलायला लागल्या की तुम्ही गप्प बसा आणि फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून. नणंदबाईंना तोच कागद नंतर मेलने धाडा, बरोबर दोन ओळी: ‘तुम्ही काढलेल्या पानामुळे हे सापडलं.’ खरंही आहे ते.

आता क्यूचं. ससेक्सहून दिवसात जाऊन येता येतं. आधी घरी बसून त्यांच्या सूचीत ‘एडीएम 139’ आणि ‘एडीएम 188’ मध्ये नाव आणि जन्मगाव घालून बघा, ही पानं घरबसल्या उतरवून घेता येतात. मूळ वह्या हाताळायच्या असतील तर वाचकाचं कार्ड लागतं, त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे न्या. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा. जाताना ‘पीएमजी 23’ सुद्धा मागवून घ्या, कोस्टगार्डच्या पेन्शनीची 1855 ते 1935 ची खाती त्यात आहेत. पण 1891 आणि 1901 च्या जनगणनेत ते ‘नौदलाचे पेन्शनर’ म्हणून दिसले, तर पेन्शन नौदलाच्या खात्यात असेल, या खात्यात नाही. तेव्हा आधी त्या दोन जनगणना बघून मगच गाडी पकडा. आणि 1874-75 मध्ये जन्मलेले ते आजोबा 1921 पर्यंत हयात होते का? असतील तर त्या वर्षीच्या जनगणनेत त्यांच्या मालकाचं नाव नि कामाची जागाही लिहिलेली मिळेल. ते स्वतः कोस्टगार्डमध्ये शिरले होते असं निघालं, तर 1900 ते 1923 ची कार्डं ‘एडीएम 175’ मध्येच आहेत. त्यांचं काय निघालं ते कळवा.